एका कागदाचे बळ : छोट्या उद्योगांसाठी परिणामकारक जाहिरात पत्रक

पिंपरी-चिंचवड आणि चाकण परिसरात एखादे नवे दुकान, खाणावळ, शिकवणी वर्ग किंवा छोटे वर्कशॉप सुरू झाले, की मालकाच्या खिशातून जाहिरातीचा पहिला खर्च होतो तो बहुधा छापील पत्रकावर. वर्तमानपत्राच्या घडीतून घरोघरी जाणारा किंवा चौकात हाती दिला जाणारा हा कागद स्वस्त वाटतो. पण तो वाचलाच गेला नाही, तर त्याच्याइतकी महाग जाहिरात दुसरी नाही. पत्रक परिणामकारक ठरते ते रंगांच्या झगमगाटाने नव्हे, तर ते कोणाच्या हाती, कोणत्या वेळी आणि कोणत्या कामासाठी पडणार आहे, याचा नेमका विचार केल्याने.

वाचक कोण?

१९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना पिंपरीत झाली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले आणि पुढील दशकांत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी हा पट्टा मोटार व अभियांत्रिकी उद्योगांनी गजबजून गेला. पुढे कारखान्यांची ही रांग नाशिक महामार्गाने चाकणकडे सरकली. फोक्सवॅगन व मर्सिडीज-बेंझ यांचे तेथील कारखाने २००९ मध्ये सुरू झाले. या वाटचालीतून येथे एक नव्हे, अनेक वाचकवर्ग तयार झाले. निगडी प्राधिकरणातील जुने घरमालक, मोशी-चिखलीच्या नव्या गृहसंकुलांतील तरुण कुटुंबे, कुरुळी, निघोजे, महाळुंगे भागात खोली घेऊन राहणारे मराठवाडा, विदर्भ, खानदेशातले आणि उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले कामगार, शिवाय कारखान्यांचे खरेदी अधिकारी, अशा सर्वांना एकच पत्रक बोलते करू शकत नाही.

म्हणूनच मजकूर लिहिण्यापूर्वी उद्योजकाने एक वाक्य कागदावर उतरवावे : ‘हे पत्रक अमुक माणसाने वाचावे आणि वाचून त्याने अमुक एक गोष्ट करावी.’ ती गोष्ट दूरध्वनी करणे असेल, दुकानात येणे असेल किंवा नमुन्यासाठी नकाशा पाठवणे असेल. मात्र ती एकच असावी. मेस चालवणाऱ्याने महिन्याच्या डब्याची नोंदणी, वाढदिवसाच्या ऑर्डरी आणि लग्नाचे केटरिंग या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर कोंबल्या, तर कामगाराला त्या कागदात स्वतःचा डबा सापडत नाही.

भाषेचा निर्णयही वाचकावरून व्हावा. परप्रांतीय कामगारांसाठी पत्रक असेल तर ते हिंदीत किंवा एका बाजूला मराठी व दुसऱ्या बाजूला हिंदी असे छापावे. एकाच बाजूवर दोन भाषांतील ओळी आलटून पालटून छापल्यास दोन्ही वाचकांची अडचण होते.

शीर्षक : बातमी वाचकाची हवी

या भागातील असंख्य पत्रकांची सुरुवात ‘खुशखबर! खुशखबर!! खुशखबर!!!’ किंवा ‘भव्य शुभारंभ’ या शब्दांनी होते. शुभारंभ ही मालकाच्या आनंदाची गोष्ट आहे; वाचकाला त्यात स्वतःचे काही दिसत नाही. ‘दर्जेदार माल, वाजवी दर, तत्पर सेवा’ ही ओळही कोणत्याही दुकानाच्या पत्रकावर चालते, म्हणूनच ती कोणाच्याच उपयोगाची नसते.

शीर्षकाने वाचकाची गरज आणि तिच्यावरचा ठोस उपाय एका दमात सांगावा. ‘सर्व प्रकारची विद्युत उपकरणे दुरुस्त करून मिळतील’ याऐवजी ‘मिक्सर सकाळी द्या, संध्याकाळी दुरुस्त होऊन न्या’ ही ओळ अधिक बोलकी आहे. ‘घरगुती चवीची उत्तम मेस’ याऐवजी ‘रात्रपाळीचा डबा साडेनऊपर्यंत खोलीवर पोच’ असे लिहिले, तर दुसऱ्या पाळीतून येणारा किंवा तिसऱ्या पाळीला जाणारा कामगार तेथे थांबतो. अर्थात, जे वचन रोज पाळता येईल तेच छापावे. मोडलेल्या वचनाचा कागद ग्राहकाच्या हाती पुरावा म्हणून राहतो.

देवदेवतांच्या प्रतिमा, ‘श्री गणेश प्रसन्न’, मान्यवरांची छायाचित्रे आणि शुभेच्छुकांची नामावली ही येथील पत्रकांची जुनी सवय. श्रद्धेचा मान राखून वरच्या कोपऱ्यात लहानशी ओळ ठेवण्यास हरकत नाही. परंतु कागदाचा वरचा तिसरा हिस्सा हा सर्वांत मोलाचा भाग असतो आणि तो शीर्षकासाठीच राखून ठेवायला हवा. शीर्षकाखाली दोन-तीन ओळींचा खुलासा, मग दर किंवा सवलत, त्यानंतर दुकानाचे नाव, पत्ता व दूरध्वनी असा क्रम वाचकाच्या नजरेला सोयीचा पडतो. मोकळी जागा म्हणजे वाया गेलेला कागद नव्हे. तिच्यामुळेच शब्द उठून दिसतात.

देवनागरीची पथ्ये

पत्रकाची मांडणी करणारे अनेकजण इंग्रजीचे नियम जसेच्या तसे मराठीला लावतात आणि तेथेच घोटाळा होतो. इंग्रजीत अक्षरांमधले अंतर वाढवून शीर्षक ऐसपैस करता येते. देवनागरीत तसे केले, की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. ओळ जागेत बसवण्यासाठी अक्षरे आडवी ताणणे किंवा दाबणेही टाळावे. वेलांट्या व मात्रा शिरोरेषेच्या वर, तर उकार खाली जातात. त्यामुळे मराठी ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा अधिक अंतर लागते. अक्षराच्या आकाराच्या सुमारे दीडपट ओळ-अंतर ठेवल्यास वाचन सुखाचे होते. त्याच आकारातले देवनागरी अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान भासते. म्हणून मुख्य मजकूर बारा पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नये. वाचक ज्येष्ठ असतील तर चौदा पॉइंट बरा.

शीर्षकाला ठसठशीत आणि मजकुराला साधे, असे दोन टंक पुरे होतात. एक टाइप या संस्थेचे ‘मुक्त’ व ‘बलू’ हे युनिकोड टंक विनामूल्य व व्यावसायिक वापरासाठी खुले आहेत. संगणकावर आपोआप येणारा ‘मंगल’ हा र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी घडवलेला टंक मुळात पडद्यावरील वाचनासाठी आहे. छापील शीर्षकाला त्याहून वजनदार अक्षर शोभते. अक्षराच्या वळणातूनच आशय पोचवता येतो, हे कमल शेडगे (१९३५-२०२०) यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील शीर्षकलेखनातून दाखवून दिले. वर्तमानपत्रातील दाटीवाटीच्या रकान्यातही त्यांचे अक्षर ओळखू येई. पत्रकासाठी त्यातून घेण्याजोगा धडा असा, की चांगले लिहिलेले एक नाव दहा चित्रांचे काम करते.

आणखी एक धोका जुन्या टंकांचा आहे. युनिकोडपूर्व पद्धतीच्या टंकांत केलेली फाइल छापखान्याच्या संगणकावर तो टंक नसेल, तर इंग्रजी अक्षरांच्या निरर्थक गर्दीत बदलते. काही आज्ञावलींत युनिकोड मजकूर चिकटवताना रफार सरकतो किंवा जोडाक्षर फुटते. म्हणून छापखान्याला देताना मजकूर ‘कर्व्ह’मध्ये बदलून पीडीएफ करावी आणि प्रूफ तपासावे ते या बदलानंतर, आधी नव्हे.

पत्ता असा, की माणूस पोचावा

चाकण परिसरातील पत्त्यांत ‘गट क्रमांक’ असतो. सात-बारा उताऱ्यासाठी तो आवश्यक. पण रस्त्यावरच्या माणसाला त्यावरून काहीच सापडत नाही. भोसरीतील ब्लॉक व प्लॉट क्रमांक, प्राधिकरणातील सेक्टर क्रमांक हे जाणकाराला कळतात. नव्याने आलेल्याला नाही. अशा वेळी ‘तळेगाव चौकातून तळेगावच्या दिशेने, पेट्रोल पंपाच्या पुढे, डाव्या हाताला’ अशी वाट सांगणारी ओळ द्यावी आणि शक्य तर चार-पाच रेषांचा साधा नकाशा काढावा. नकाशात दोन ठळक खुणा आणि दुकानाचा ठिपका एवढे पुरते.

दूरध्वनी क्रमांक एकच द्यावा, मोठ्या अक्षरांत द्यावा आणि पाच-पाच आकड्यांचे दोन गट पाडून द्यावा. दुकान उघडण्याच्या व बंद होण्याच्या वेळा आणि साप्ताहिक सुट्टी छापायला विसरू नये.

क्यूआर कोड : मोटार उद्योगाचे अपत्य

पत्रकावर आता सर्रास दिसणारा क्यूआर कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी जन्माला आला. सुट्या भागांच्याच पट्ट्यातील वाचकाला तो परका नाही. तथापि, छापताना काही बंधने पाळावी लागतात. कोड किमान दोन ते अडीच सेंटिमीटर बाजूचा असावा. त्याच्या चारही बाजूंना त्यातील चार लहान चौकोनांइतकी कोरी जागा सोडावी. पांढऱ्यावर काळा हाच रंगमेळ सुरक्षित. चित्रावर छापलेला किंवा घडीवर आलेला कोड दगा देतो. कोडच्या चुरगळलेल्या अथवा मळलेल्या भागाची भरपाई करण्याची सोय त्याच्या रचनेतच असते. सर्वांत वरच्या श्रेणीत ती सुमारे ३० टक्के असते. हाताळल्या जाणाऱ्या कागदासाठी वरची श्रेणी निवडावी.

कोडखाली तो कशासाठी आहे हे लिहिणे आवश्यक आहे : ‘दरपत्रक पाहा’, ‘व्हॉट्सअॅपवर नोंदणी करा’ किंवा ‘दुकानाचा रस्ता पाहा’. कोड तयार करून देणाऱ्या काही विनामूल्य सेवांची मुदत संपली, की कोड निकामी होतो. पाच हजार प्रती वाटून झाल्यावर हे कळले, तर उपाय उरत नाही. पत्ता थेट कोडमध्येच साठवणारा, मुदत नसलेला कोड छापावा आणि छपाईपूर्वी तो कागदावर काढून तीन-चार वेगवेगळ्या फोनवर तपासावा.

कागद आणि छपाई

पत्रकासाठी ए-५, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर हा आकार सोयीचा. तो ए-४ चा निम्मा असतो आणि हातात सहज मावतो. वर्तमानपत्रातून एकदाच जाणाऱ्या पत्रकाला ७० ते ९० जीएसएमचा कागद पुरतो. दरपत्रक किंवा वेळापत्रक म्हणून जपले जावे अशी अपेक्षा असेल, तर १३० जीएसएमचा आर्ट पेपर घ्यावा. मात्र ग्राहकाने पेनने काही भरून द्यायचे असेल, तर गुळगुळीत कागदापेक्षा मॅपलिथो बरा, कारण त्यावर शाई फासत नाही.

ऑफसेट छपाईत प्लेट आणि यंत्राची जुळवणी हा खर्च एकदाच येतो. त्यामुळे प्रती वाढतील तसा प्रत्येक प्रतीचा दर उतरतो. काहीशे प्रतींसाठी डिजिटल छपाई परवडते. स्वस्त पडते म्हणून दहा हजार छापण्याचा मोह आवरावा. न वाटलेले गठ्ठे ही बचत नव्हे.

छायाचित्रे छापील आकारात ३०० डीपीआय हवीत. व्हॉट्सअॅपवर चित्र म्हणून आलेले छायाचित्र आक्रसलेले असते. मूळ फाइलच मागवावी. रंग आरजीबीऐवजी सीएमवायके पद्धतीत असावेत, अन्यथा पडद्यावरचा झळाळता निळा किंवा हिरवा कागदावर मंद उतरतो. काठापर्यंत रंग जाणार असेल, तर चारही बाजूंना ३ मिलिमीटर ब्लीड सोडावे आणि मजकूर काठापासून किमान ५ मिलिमीटर आत ठेवावा. बारीक मजकूर केवळ काळ्या शाईत छापावा. चार रंगांच्या मिश्रणातून काढलेला काळा जरा जरी सरकला, तरी अक्षरांना रंगीत सावल्या येतात. गडद पट्टीवर पांढरी बारीक अक्षरे घेतली, तर अनुस्वार आणि मात्रा शाईत बुजतात.

वाटप : दिवस आणि वेळ

विजेचा भार विभागण्यासाठी औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून देण्याच्या पद्धतीतून या पट्ट्यातील अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी पडली. ‘रविवारी सगळे घरी असतात’ हे गृहीत येथे अर्धेच खरे आहे. कामगार कुटुंबासाठीचे पत्रक गुरुवारी सकाळी, तर माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील कुटुंबांसाठीचे शनिवारी वा रविवारी पोचले पाहिजे. पगाराच्या आठवड्यात घरात खरेदीचे निर्णय होतात. महिनाअखेरीस आलेले पत्रक बहुधा रद्दीत जाते. दसरा-दिवाळीत एका वर्तमानपत्रातून सात-आठ पत्रके पडतात. त्या गर्दीत शिरण्यापेक्षा आठवडाभर आधीचा दिवस निवडणे शहाणपणाचे.

वर्तमानपत्रातून वाटप करायचे असल्यास विक्रेत्याशी आदल्या दिवशी बोलून भाग, प्रतींची संख्या आणि दर निश्चित करावा. सगळे शहर नको. दुकानापासून पायी किंवा दुचाकीने दहा मिनिटांत येता येईल एवढीच वस्ती घ्यावी. फाटकाबाहेर वाटायचे असल्यास पाळी सुटण्याची वेळ सोयीची, परंतु कंपनीच्या बसकडे धावणारा माणूस कागद वाचत नाही, खिशात घालतो. म्हणून तेथे खिशात मावणारा लहान आकार द्यावा. गृहसंकुलांत सोसायटीच्या परवानगीविना पत्रके सरकवल्यास ग्राहकाऐवजी तक्रार हाती येते.

जपून ठेवला जाणारा कागद अधिक काळ काम करतो. १९७३ पासून निघणारे ‘कालनिर्णय’ वर्षभर भिंतीवर राहते, कारण ते रोज उपयोगी पडते. पत्रकाच्या पाठीवर बसचे वेळापत्रक, तातडीचे दूरध्वनी, शाळेच्या परीक्षांचे दिवस किंवा डब्याचा आठवड्याचा मेनू छापला, तर तो कागद फ्रिजच्या दारावर चिकटण्याची शक्यता वाढते.

लघुउद्योगाचे पत्रक

भोसरी, तळवडे, चाकणमधील जॉबवर्क करणाऱ्या कारखानदाराचा वाचक निराळा असतो. खरेदी अधिकाऱ्याला घोषवाक्य नको, क्षमता हवी. यंत्रांची नावे देऊन भागत नाही. किती व्यासापर्यंत व किती लांबीपर्यंत टर्निंग होते, मिलिंगसाठी टेबलाचे माप काय, कोणते धातू हाताळले जातात, किती टॉलरन्स पाळता येतो, मोजमापाची कोणती साधने आहेत, नमुना किती दिवसांत मिळेल आणि महिन्याला किती नग निघतात, हे तक्त्यात द्यावे. यंत्राच्या छायाचित्रापेक्षा तयार भागाचे छायाचित्र अधिक बोलते. मात्र ग्राहक कंपनीचा भाग किंवा बोधचिन्ह तिच्या लेखी परवानगीशिवाय छापू नये.

प्रमाणपत्रांचा उल्लेख काटेकोर असावा. आयएसओ ही संस्था स्वतः प्रमाणपत्र देत नाही आणि तिचे बोधचिन्ह इतरांनी वापरण्यास मनाई आहे. म्हणून नुसते ‘आयएसओ प्रमाणित’ न म्हणता आयएसओ ९००१ किंवा आयएटीएफ १६९४९ असे मानक, प्रमाणपत्र देणारी संस्था व मुदत नमूद करावी.

कायद्याची चौकट

पत्रक ही कायद्याच्या दृष्टीनेही जाहिरातच आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मधील जाहिरातीच्या व्याख्येत सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन, बिल यांचाही समावेश आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण दहा लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. जून २०२२ मध्ये आलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ‘अटी लागू’चा मजकूर मूळ दाव्याच्याच भाषेत असावा लागतो. मोठ्या अक्षरांत ‘मोफत’ आणि तळाशी न दिसणारी अट, हा प्रकार अंगाशी येऊ शकतो.

मधुमेह, लठ्ठपणा यांसारख्या आजारांवर हमखास उपचाराचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींना १९५४ च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने मनाई आहे. शिकवणी वर्गांसाठी नोव्हेंबर २०२४ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शक तत्त्वे आली; यशस्वी विद्यार्थ्याचे नाव वा छायाचित्र त्याच्या निवडीनंतर घेतलेल्या लेखी संमतीविना वापरता येत नाही. घरबांधणी प्रकल्पाच्या पत्रकावर महारेराचा नोंदणी क्रमांक लागतो आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. याखेरीज विजेचे खांब, बसथांबे, सार्वजनिक भिंती यांवर पत्रके चिकटवणे हा महाराष्ट्र मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा, १९९५ नुसार गुन्हा आहे. पत्रकावर मालकाचा दूरध्वनी असतो, हे कारवाई करणाऱ्यालाही ठाऊक असते.

हिशेब ठेवल्याविना शहाणपण नाही

पत्रकाचा खरा परीक्षक म्हणजे मोजणी. भागानुसार पत्रकाच्या कोपऱ्यात लहानसे अक्षर छापावे, भोसरीसाठी ‘भ’, चाकणसाठी ‘च’, आणि सवलतीसाठी पत्रक सोबत आणण्यास सांगावे. कोणत्या भागातून किती जण आले, हे मग आपोआप कळते. दूरध्वनी करणाऱ्यास ‘माहिती कोठून मिळाली?’ असा एक प्रश्न विचारून वहीत खूण करावी.

समजा, मांडणी, छपाई व वाटप मिळून पाच हजार पत्रकांना नऊ हजार रुपये लागले आणि ४५ ग्राहक आले. म्हणजे एका ग्राहकामागे दोनशे रुपये पडले. पहिल्या खरेदीत दुकानदाराला दीडशेच रुपये सुटत असतील, तर तो ग्राहक पुन्हा आला तरच पत्रक फायद्याचे. मेसचा ग्राहक महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून त्याला हा खर्च झेपेल. एकदाच येणाऱ्या ग्राहकावर चालणाऱ्या धंद्याला झेपणार नाही. हा हिशेब छपाईपूर्वी अंदाजाने आणि वाटपानंतर आकड्यांनी, असा दोनदा मांडावा.

दोन वेगळी शीर्षके सुचत असतील, तर वाद घालत बसण्यापेक्षा प्रत्येकी एक हजार प्रती सारख्याच वस्तीत वाटून पाहाव्यात. जे अधिक ग्राहक आणील, त्याचीच मोठी आवृत्ती काढावी. छपाईला मंजुरी देण्यापूर्वी मात्र शेवटचे काम विसरू नये : प्रूफवर छापलेला दूरध्वनी क्रमांक स्वतः फिरवून पाहावा आणि मजकूर अशा माणसाकडून वाचून घ्यावा, ज्याला या धंद्याची काहीच माहिती नाही. ‘यात नेमके काय करायचे आहे?’ या प्रश्नाचे उत्तर त्याने कागदावरून नजर हटवून लगेच दिले, तर पत्रक छापखान्यात जाण्यास योग्य झाले असे समजावे.